मांजराच्या पोटात चॉकलेट गेले तर...

कुत्र्याला चॉकलेट देऊ नये, हे आता प्राणी पाळणाऱ्या बहुतेक घरांना ठाऊक झाले आहे. मांजराविषयी मात्र आपण निर्धास्त असतो. मांजर चोखंदळ, ते प्रत्येक पदार्थ आधी हुंगते आणि नको असेल तर शेपटी उंचावून निघून जाते, असा आपला अनुभव असतो आणि तो बहुतांशी खराही आहे. त्यामुळेच मांजरांना चॉकलेटची विषबाधा झाल्याची प्रकरणे कुत्र्यांच्या तुलनेत फार थोडी आढळतात. परंतु चॉकलेटमधला जो घटक कुत्र्याला बाधतो, तोच मांजरालाही बाधतो, आणि मांजराचे वजन अवघे तीन-चार किलो असल्याने त्यासाठी लागणारे प्रमाण आपल्या कल्पनेहून पुष्कळच कमी असते. नाताळच्या आसपास गोव्यातील कितीतरी स्वयंपाकघरांत केक भाजले जातात, कोको पावडरीचे डबे ओट्यावर उघडे राहतात, भेटीदाखल आलेले चॉकलेटचे खोके दिवाणखान्यात मांडलेले असतात. घरातले मांजर या सगळ्यांतून वावरत असते.

ज्यांच्या घरी हा प्रकार नुकताच घडला असेल, त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे आधीच सांगणे उचित. उरलेले चॉकलेट मांजरापासून दूर करावे. वेष्टन फेकू नये, कारण वजन, घटक आणि पुष्कळदा कोकोचे प्रमाण त्यावर छापलेले असते. कोणत्या प्रकारचे चॉकलेट, अंदाजे किती ग्रॅम आणि किती वाजता पोटात गेले असावे, हे कागदावर लिहून ठेवावे. मांजराचे वजन करावे. त्यासाठी निराळा काटा लागत नाही. मांजराला उचलून घेऊन साध्या वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. एवढे हाताशी आले की पशुवैद्यांना दूरध्वनी करून सर्व माहिती द्यावी आणि ते सांगतील तसे करावे. घरच्या घरी उलटी करवू नये, कोणतेही औषध पाजू नये आणि ‘आता तर खेळते आहे, सकाळी पाहू’ असेही म्हणू नये. या तिन्ही सूचनांमागील कारणे समजली की त्या पाळणे सोपे जाते.

कोकोच्या झाडाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. त्याच नावावरून कोकोच्या बियांतील प्रमुख द्रव्याला थिओब्रोमिन म्हणतात. ब्रोमिन या मूलद्रव्याशी त्याचा काही संबंध नाही. चहा-कॉफीतील कॅफिन हे त्याचे सख्खे भावंड होय आणि चॉकलेटमध्ये थोड्या प्रमाणात तेही असतेच. ही दोन्ही द्रव्ये शरीरात काय करतात? ॲडेनोसिन नावाचा एक रेणू मज्जासंस्थेला शांत करण्याचा, हृदयाची गती आवरण्याचा निरोप पेशींपर्यंत नेत असतो. तो निरोप ज्या जागी स्वीकारला जातो, नेमक्या त्याच जागा ही द्रव्ये अडवून बसतात. लगाम सुटतो. हृदय वेगाने धावू लागते, मेंदू उत्तेजित होतो, स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढून त्या आखडू लागतात आणि लघवीचे प्रमाण वाढते. संध्याकाळच्या कडक कॉफीने आपली झोप उडते ती याच कारणाने. आपल्या बाबतीत प्रकरण झोपेवर निभावते, कारण आपले शरीर मोठे आहे आणि थिओब्रोमिनचा निचरा आपण बऱ्यापैकी लवकर करतो. कुत्र्याच्या रक्तात मात्र त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे साडेसतरा तास लागतात, असे मोजले गेले आहे. मांजरावर उपचार करतानाही पशुवैद्य अशाच संथ निचऱ्याची धारणा ठेवतात.

आता हिशेब. हा भाग रूक्ष वाटला तरी वाचकांनी तो सोडू नये. घाबरावे की नाही, हे त्यावरच ठरते. कोरड्या कोको पावडरीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये थिओब्रोमिन व कॅफिन मिळून सुमारे २८ मिलिग्रॅम असतात. साखर नसलेल्या, केकसाठी वापरल्या जाणाऱ्या कडू चॉकलेटमध्ये सुमारे १६, साध्या डार्क चॉकलेटमध्ये साडेपाच आणि मिल्क चॉकलेटमध्ये सव्वादोनच्या आसपास. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते जवळजवळ नसतेच. शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलटी, जुलाब, अस्वस्थता अशी सौम्य लक्षणे दिसू शकतात. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम होतो आणि ६० मिलिग्रॅमला झटके येऊ शकतात. हे टप्पे मुख्यत्वे कुत्र्यांवरील अनुभवातून बांधले गेले आहेत. मांजरासाठीही तेच वापरले जातात, म्हणून त्यांकडे काटेकोर सीमारेषा म्हणून पाहू नये, थोडे अलीकडेच सावध व्हावे.

आपल्याकडचे साधे घरगुती मांजर तीन किलोचे धरू. त्याच्यासाठी सौम्य लक्षणांचा टप्पा ६० मिलिग्रॅमचा झाला. तेवढे द्रव्य मिल्क चॉकलेटच्या २६ ग्रॅममध्ये, डार्क चॉकलेटच्या ११ ग्रॅममध्ये, तर कोको पावडरीच्या अवघ्या दोन ग्रॅमांत असते. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. झटक्यांच्या टप्प्याला मिल्क चॉकलेट ७८ ग्रॅम लागेल. एवढे चॉकलेट मांजर एका बैठकीत खाण्याचा संभव कमी. पण कोको पावडर साडेसहा ग्रॅमच पुरे, म्हणजे तीन चमचे. एक किलो वजनाच्या पिलासाठी या सर्व आकड्यांना तिनाने भागावे. ७० किंवा ८५ टक्के कोको असलेल्या चॉकलेटच्या वड्या बाजारात मिळतात, त्यांत हे द्रव्य साध्या डार्क चॉकलेटहून अधिक असते. केक करणारे ‘डार्क कंपाउंड’च्या ज्या लाद्या आणतात, त्यांचे प्रमाण कंपनीगणिक बदलते, तेव्हा त्या डार्क चॉकलेटच समजाव्यात.

हाच हिशेब धीरही देतो. एक किलोच्या केकमध्ये ५० ग्रॅम कोको पावडर घातली असेल, तर केकच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅमही द्रव्य येत नाही. मांजराने त्यातला दहा ग्रॅमचा तुकडा पळवला, तरी सौम्य लक्षणांच्या टप्प्याच्या पाव हिश्शालाही ते पोचत नाही. अशा वेळी पशुवैद्य बहुधा घरीच लक्ष ठेवण्यास सांगतील. मात्र मांजर म्हातारे असेल, त्याला हृदयाचा किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर थोडक्याही प्रमाणाची माहिती त्यांना द्यावी. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार आढळतो आणि तो वर्षानुवर्षे कोणतेही बाह्य चिन्ह न दाखवता राहू शकतो.

मुळात मांजर चॉकलेटकडे वळतेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मांजराला गोड चव कळत नाही. गोडी ओळखणारा जिभेवरील ग्राहक दोन जनुकांच्या सहकार्याने तयार होतो. त्यांतील एक जनुक मांजरात मोडके आहे, त्याचा एक तुकडाच गळालेला आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिले. विशेष म्हणजे तोच दोष त्यांना वाघ आणि चित्ता यांच्यातही सापडला. मांजराला वाघाची मावशी म्हणणाऱ्यांनी हे नाते असे जिभेपर्यंत पोचेल, याची कल्पना केली नसेल. तेव्हा मांजर येते ते साखरेसाठी नव्हे. त्याला ओढ लागते ती लोणी, साय, दूध यांतील स्निग्धतेची. चॉकलेट आईस्क्रीमची वाटी, केकवरील क्रीम, चॉकलेट घोटलेले भांडे या त्याच्या आवडीच्या जागा. नुसत्या वडीकडे ते ढुंकूनही पाहणार नाही, पण तीच वडी लोण्यात वितळवून भांडे ओट्यावर ठेवले की चित्र बदलते.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. ओट्यावर सांडलेल्या कोको पावडरीवरून मांजर चालत जाते, पंजे व पोट माखते आणि मग एका कोपऱ्यात बसून अंग चाटून स्वच्छ करते. त्याने काही खाल्ल्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि वर हिशेबात पाहिल्याप्रमाणे सर्वांत तीव्र पदार्थ नेमका हाच. मांजराच्या अंगावर कोको दिसला तर ते चाटू लागण्यापूर्वीच कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावे. पंजांच्या गाद्यांमधल्या फटीही पुसाव्यात.

चॉकलेट पोटात गेल्यावर लक्षणे लगेच दिसत नाहीत. ती प्रकट होण्यास बहुधा सहा ते बारा तास लागतात, आणि तीव्र बाधेत ती तीन दिवसांपर्यंतही टिकू शकतात. मधला काळ शांततेचा असतो आणि उपचारांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा असतो, कारण तोवर विष पोटातून बाहेर काढता येते. आरंभी तहान वाढते, उलटी किंवा जुलाब होतात, मांजर एका जागी बसत नाही. ही धावपळ खेळकरपणासारखी दिसते, हेच दुर्दैव. पुढे लघवी वारंवार होते, चाल अडखळते, अंग ताठरते, स्नायू थरथरतात, ताप चढतो, झटके येतात. काही मांजरे मात्र आजारपणात धावपळ करीत नाहीत. ती पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन दडतात. नेहमी हाकेला येणारे मांजर दिसेनासे झाले तर त्याला शोधून बाहेर काढावे.

घरी एक गोष्ट सहज मोजता येते, ती म्हणजे श्वास. झोपलेल्या किंवा निवांत बसलेल्या निरोगी मांजराची छाती मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा वरखाली होते. घड्याळ लावून मोजावे. स्वस्थ असतानाही आकडा चाळिशीपलीकडे राहत असेल तर थांबू नये. कुत्र्याचे तोंड उघडून धापा टाकणे स्वाभाविक असते. मांजर तसे करू लागले, की ती आणीबाणी समजावी.

आता घरगुती उपायांविषयी, आणि येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. चॉकलेटपेक्षा या उपायांनीच मांजराचे अधिक नुकसान होण्याचा संभव असतो. विष उतरवायला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी, हा सल्ला पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. एवढ्याशा शरीरात गेलेले मीठ रक्तातील सोडियम वाढवून मेंदूला इजा करते. म्हणजे एका विषावर दुसरे विष. कुत्र्याला उलटी करवण्यासाठी काही वेळा पशुवैद्यांच्या देखरेखीखाली हायड्रोजन पेरॉक्साइड देतात. ते वाचून मांजरावर तोच प्रयोग करू नये, मांजराच्या जठराचे अस्तर त्याने सोलवटते आणि रक्तस्राव होतो. घशात बोट घालण्याने चावा तेवढा मिळतो. तेल किंवा तूप पाजल्यास ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांचा दाह होऊ शकतो. विषावर दूध हा तर आपल्या मनात खोलवर रुजलेला समज. दुधाने थिओब्रोमिन निष्प्रभ होत नाही. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, हे गोष्टींतल्या मांजरांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना पटणे कठीण जाते, पण वस्तुस्थिती तीच आहे. जुलाब लागून अंगातील पाणी मात्र आणखी कमी होते. चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा कुटून पाजणारेही असतात. दवाखान्यात वापरतात तो खास प्रक्रिया केलेला सक्रिय कोळसा वेगळा, आणि तोही नको म्हणणाऱ्या मांजराच्या तोंडात जबरदस्तीने ओतला तर फुप्फुसांत जाण्याची भीती असते.

या सर्वांत भयंकर चूक तापाच्या गोळीची. मांजराचे अंग तापले, म्हणून कोणी प्रेमापोटी पॅरासिटामॉलचा तुकडा त्याला भरवतो. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्यास यकृतात जे एन्झाइम लागते, ते मांजराजवळ अत्यल्प असते. परिणामी औषधाचे घातक रूप साचते, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. चॉकलेट खाल्लेले मांजर बहुधा वाचते. त्यावर पॅरासिटामॉल दिलेल्या मांजराविषयी तसे म्हणता येत नाही. अंग फार तापले असेल तर त्याला हवेशीर, थंड फरशीच्या खोलीत ठेवावे आणि दवाखान्याची वाट धरावी.

दवाखान्यात काय होते, हे माहीत असलेले बरे. खाऊन थोडाच वेळ झाला असेल आणि मांजर शुद्धीवर असेल तर पशुवैद्य इंजेक्शन देऊन उलटी करवतात. मांजरासाठी त्यांची औषधेही कुत्र्याहून निराळी असतात. त्यानंतर सक्रिय कोळसा देतात, तो आतड्यांतील द्रव्य धरून ठेवतो. शिरेतून सलाइन चालू करतात. थिओब्रोमिनवर थेट उतारा नाही. ते बाहेर पडेपर्यंत हृदय, स्नायू आणि तापमान यांना सांभाळणे हाच उपचार होय. थरथर व झटके यांवर एक औषध, हृदयाच्या बेफाम गतीवर दुसरे, असे चालते. मूत्राशयात नळी घालण्याचा निर्णय झाला तर मालकांनी दचकू नये. लघवीतून बाहेर आलेले द्रव्य मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शोषले जाऊ शकते, म्हणून मूत्राशय रिकामे ठेवायचे असते. मांजराला आधीपासून काही औषधे चालू असतील तर ती अवश्य सांगावीत; एरिथ्रोमायसिन आणि स्टेरॉइड यांमुळे या द्रव्याचा निचरा आणखी मंदावतो.

चॉकलेटबरोबर आणखी काय पोटात गेले, तेही सांगणे तितकेच महत्त्वाचे. नाताळच्या केकमध्ये रम असते, मनुका असतात. मद्याचा थोडासा अंशही मांजराला जड जातो. मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सिद्ध आहे. मांजरांबाबत पुरावा तुटपुंजा असला तरी पशुवैद्य तो धोका गृहीत धरतात. कॉफी पावडर घातलेला केक असेल तर कॅफिनची भर पडते. आणि खोक्याला बांधलेली चकचकीत फीत? मांजराला चॉकलेटहून तिचेच आकर्षण अधिक. गिळलेली फीत किंवा दोरा आतड्यांत ताणला जाऊन ती चिरू शकतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून त्याचे टोक लोंबताना दिसले तरी ओढू नये, कापूही नये. तसेच मांजराला घेऊन निघावे.

आपल्या राज्यात अंतरे लहान असली तरी रात्रीची वेळ मोठी असते. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथे खासगी पशुवैद्य आहेत, पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने तालुक्यांत आहेत. परंतु सांगे, सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून निघणाऱ्याला प्रवासाचा तासभर हिशेबात धरावा लागतो. कोणता दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि रात्री कोण येऊ शकते, हे आधीच विचारून दोन क्रमांक फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावेत. निघण्यापूर्वी फोन करावा, म्हणजे तेथे तयारी सुरू होते. थरथरणारे मांजर घाबरून ओरबाडते. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून जाळीच्या पेटीत ठेवावे. पेटी नसल्यास भोके पाडलेले मजबूत पुठ्ठ्याचे खोके चालते. दुचाकीवर ते मांडीवर धरून नेऊ नये.

घरी परतल्यावर एक-दोन दिवस शांत, अंधाऱ्या खोलीत त्याची सोय करावी. पाणी भरपूर ठेवावे, मलमूत्राचे तबक जवळ असावे आणि खाणे पशुवैद्यांनी सांगितल्यावरच, थोडे थोडे सुरू करावे. चॉकलेटमधील स्निग्ध पदार्थांमुळे क्वचित स्वादुपिंडाला सूज येते आणि ती खाल्ल्यानंतर एक ते तीन दिवसांनी जाणवते. म्हणून थिओब्रोमिनचा अंमल उतरून मांजर सावरल्यासारखे दिसले, तरी त्याने पुन्हा अन्नाकडे पाठ फिरवली किंवा ते पोट आखडून बसू लागले, तर त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात न्यावे.